पाखऱ्याचा खुराक

पाखऱ्याचे गुडघे वाजले तशी मामांनी चिमटीतली तंबाखू तशीच धरून माझ्याकडे बघितलं.

“ऐकलंत का, पावनं?”

“काय, मामा?”

“काय म्हून काय इचारता? गुडघं वाजलं त्येचं.”

न ऐकायला मी काही बहिरा नव्हतो. वाळलेली बाभळ मोडावी तसा तो आवाज. वरच्या आळीत सांगायचे की, पहाटे पाखऱ्या बसल्या जागचा उठला की बायकांना वाटतं, आपल्याआधी कुणीतरी लाकडं फोडायला लागलं, आणि त्या घाईघाईनं चुली पेटवतात. त्यामुळं आमच्या कोरेखिंडीत चहा आसपासच्या सगळ्या गावांच्या आधी होतो. यातलं चहाचं माझं आहे, पण बाकीचं खरं आहे.

“वाजू द्या की,” मी म्हणालो. “वय झालंय त्याचं.”

“वाजू द्या म्हनं! चैतात त्येच्याखाली बसायचंय तुमाला. मला न्हवं.”

माझ्या हातातला कडबा तिथंच गळाला.

हे खाली बसण्याचं आधी सांगायला हवं. कोरेखिंडीच्या भैरोबाचा एक घोडा असतो आणि जो कुठला घोडा देवाला आणतील त्याचं नाव पाखऱ्याच ठेवतात. जत्रेच्या सकाळी देवळाच्या दारात, देवाकडे तोंड करून, मोतद्दारानं म्हणजे घोडा सांभाळणाऱ्यानं आरतीचं ताट घेऊन मांडी घालून बसायचं. पाठीमागून घोडा यायचा. पुढचा एक पाय मोतद्दाराच्या उजवीकडे, एक डावीकडे. मग घोड्यानं दोन्ही गुडघे टेकायचे आणि मान देवापुढं झुकवायची. त्या वेळी घोड्याची छाती खाली वाकून बसलेल्या माणसाच्या पाठीला नुसती टेकते. टेकली की झालं. याला ‘पाखर घेणं’ म्हणतात. मोतद्दारावर पाखर पडली की ती गावावर पडली, वर्षभर देवाची सावली. नाही पडली तर गाव उघडं. आणि एकदा बसलेल्या मोतद्दारानं पाखर झाल्याशिवाय उठायचं नाही. उठला, तर त्यानं अख्खं गाव उघड्यावर टाकलं.

मामा म्हणजे माझे सासरे, बयाजी मोतद्दार. मिसरूड फुटल्यापासून तेच बसत आले होते. पण गेल्या जत्रेत पाखऱ्याचा डावा गुडघा टेकता टेकता मुडपला आणि छाती टेकवायच्या ऐवजी घोडा सगळाच्या सगळा मामांवर आला. गडी लोकांनी ओढून काढलं. बरगड्या जुळल्या, पण मामांचा गुडघा काही धरेना. तेव्हापासून ते काठी घेऊन ओसरीला. मुलगा नाही, एकच मुलगी, तेव्हा मान जावयाकडे आला.

घरजावई मी. खरं म्हणाल तर मी कऱ्हाडला सोडावॉटरच्या दुकानात बाटल्या भरायचो. पण मुलगी बघायला आलो तेव्हा आमच्या आजोबांच्या पागेचा विषय निघाला. म्हणजे मीच काढला. मामांनी विचारलं, “घोडी किती हुती?” मी म्हणालो, “मोजायला वेगळा माणूस ठेवला होता.” आमच्या आजोबांकडं एक शेळी होती, आणि तीही त्यांना मारायची. असो. मामा खूश झाले, सुपारी फुटली, आणि आता हा सगळा घोडा माझ्या पाठीवर येऊ घातला होता.

गुरांच्या दवाखान्यात नाडगौडा म्हणून डॉक्टर होते. त्यांनी पाखऱ्याचा पाय उचलून दुमडून बघितला, कान लावून ऐकला.

“सांध्यातली गादी झिजलीय. हाडावर हाड घासतंय.”

“मग एखादं जोरदार इंजेक्शन द्या की, डॉक्टर.”

“इंजेक्शनानं गादी परत येत नाही. एक पूरक खुराक आहे, पावडर असते. पुण्याला शर्यतीच्या घोड्यांना देतात. तिथल्या मित्राकडून मागवतो. पण गुण येईलच असं मी म्हणत नाही. आला तर महिन्या-दोन महिन्यांनी, सावकाश.”

“चैतापर्यंत गुडघ्यावर बसेल का तो?”

“बसेल कदाचित.”

“आणि माझ्यावर न पडता?”

डॉक्टरांनी पाय खाली सोडला. “ते मला काय विचारता? त्याला विचारा. आणि आधी वजन करून आणा. वजनावर माप ठरतं.”

घोड्याचं वजन करायला जागा एकच, साखर कारखान्याचा काटा. उसाच्या गाड्यांच्या रांगेत मी पाखऱ्याला घेऊन उभा राहिलो. काट्यावरच्या बाबूनं खिडकीतून मान न काढताच विचारलं, “ऊस कुठाय?”

“ऊस नाही. घोडा आहे.”

“भरलेला का रिकामा?”

सगळे गाडीवान हसले. मीही हसलो. मग चिठ्ठी हातात आली आणि हसू गेलं. सव्वाचार क्विंटल. हे वजन मला कुणी सांगायला नको होतं. घरी येताना सोसायटीच्या गोदामात शिरून मी ज्वारीचं एक क्विंटलभराचं पोतं पाठीवर घेऊन बघितलं. एका पोत्यातच मला भैरोबा दिसला. अजून सव्वातीन राहिली होती.

पुण्याहून डबा आला. वर धावणारा घोडा, खाली इंग्रजी. डॉक्टर माप समजावून देताना हळूच म्हणाले, “आणखी एक. हे खेकड्या-कोळंबीच्या टरफलांपासून करतात. त्याला अपाय नाही. पण देवाचा घोडा आहे, गावात बोभाटा नको.”

ते खरंच होतं. देवाच्या घोड्याला आमच्याकडं अंडंसुद्धा चालत नाही. घरातले आपण कोंबडी खाऊ, पण पाखऱ्याच्या पाटीला तो हात लागणार नाही. म्हणून मी ही गोष्ट कुणाला म्हणजे कुणालाच सांगितली नाही. फक्त हौसाला सांगितली. हौसा माझी बायको.

“कुणापाशी बोलू नगंस.”

“मी कशापाई बोलू? मला काय दुसरी कामं न्हाईत?”

पाखऱ्याची पाटी कालवायचं काम सासूबाईंचं. त्यांना मी मामी म्हणायचो. भरडा, गूळ, चिमूटभर मीठ, सगळं त्यांच्या हातचं. मी डबा त्यांच्याकडं दिला आणि सांगितलं, “सुंठ-मेथीचा मसाला आहे, मामी. पुण्याचा. रोज सकाळी एवढं माप घाला.”

मामींनी डबा उघडला, वास घेतला, झाकण लावलं आणि म्हणाल्या, “बरं.”

त्यानंतर मी जगलो तो त्या डब्याच्या जिवावर. रोज सकाळी पाटी चाटूनपुसून रिकामी झालेली बघायची आणि पाखऱ्याच्या गुडघ्याला कान लावायचा. थोड्या दिवसांनी मला आवाज बारीक वाटायला लागला. मग वाटलं, निम्म्यावर आला. पारावर बसून मी सांगून टाकलं की पाखऱ्यानं परवा ओढा उडी मारून ओलांडला. खरं तर ओढा कोरडा होता आणि पाखऱ्या त्यातून चालत गेला होता.

एकदा मी गोठ्यात खरारा करत होतो, तर मामा दारात येऊन उभे राहिले.

“अजून वाजतंय की वो.”

“कुठं? मला तर काहीच ऐकू येत नाही.”

“भ्या वाटाय लागलं की माणसाला ऐकू येत न्हाई,” मामा म्हणाले आणि निघून गेले.

भीती तर मला वाटतच होती. भाकरीचा घास घशाखाली जाताना वाटायची, अंघोळीचं पाणी पाठीवर पडलं की वाटायची. पाठीवर काहीही पडलं की मी दचकायचो. मागून येऊन कुणी “काय, मोतद्दार?” म्हणून थाप मारली, तर मी जागच्या जागी खाली बसायचो. गावाला वाटायचं, पावना सराव करतोय.

जत्रा तोंडावर आली तेव्हा एक दिवस मी पिशवीत दोन कपडे भरले आणि कऱ्हाडच्या गाडीची वेळ साधून परसातून बाहेर पडलो. परसदारी हौसा शेण्या लावत होती.

“जाताय व्हय?”

“जरा… कऱ्हाडला जाऊन येतो. दुकानाचं काम निघालंय.”

तिनं शेणाचे हात झटकले. रागावली नाही की रडली नाही.

“जावा की. मी बसते पाखऱ्याखाली. मोतद्दाराच्या घरातलं कुनीतरी बसाय पायजे, बास.”

“तू? अगं, बायकांनी बसायचं असतं का?”

“गाव उघडं पडण्यापरीस बरं. अंगावर घोडं आलं तवा माझ्या बानं ताट सोडलं न्हवतं हातातलं. ठावं हाय न्हवं?”

मी पिशवी परत खुंटीला लावली.

जत्रेच्या सकाळी देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. हलगी कडाडत होती, गुलाल उडत होता, चांगभलंचा गजर उठत होता. सदोबा गुरवांनी माझ्या कपाळाला भंडारा फासला आणि ताट हातात दिलं. ताटातल्या निरांजनाची ज्योत लटलट हलत होती.

“वारा सुटलाय जरा,” मी म्हणालो.

“वारा न्हाई, मोतद्दार,” गुरव म्हणाले. “तुमचं हात हैत त्ये. बसा.”

मी बसलो. आता उठणं नाही. दगडाचा गारवा बुडातून वर चढत मणक्यापर्यंत आला. उजव्या हाताला आरत्या घेऊन बायका उभ्या होत्या, त्यात पुढं हौसा आणि मामी. मी स्वतःशी म्हणत होतो, पुण्याचा खुराक आहे, शर्यतीची घोडी खातात, दोन महिने खाल्लाय. एवढं म्हटलं की जरा श्वास यायचा.

तेवढ्यात गर्दी बाजूला सरली आणि देवळाच्या अंगणातून कुणीतरी ताठ चालत आलं. पांढरा पटका, कडक धोतर, टाच दाबून टाकलेलं पाऊल. हातात काठी नाही. मी बघितलं, परत बघितलं. मामा!

वर्षभर काठीशिवाय पाऊल न टाकणारा माणूस अंगण तुडवत आला, देवळाच्या तिन्ही पायऱ्या कठड्याला हात न लावता चढला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. बायका कुजबुजायला लागल्या. मला मात्र एकदम पुण्याचा डबा आठवला.

मी मान वळवून मामींकडं बघितलं. मामींनी पदर पुढं ओढला आणि देवाकडं बघायला लागल्या.

“मामी,” मी दबक्या आवाजात म्हणालो. “डबा?”

“कसला वो डबा?”

“पुण्याचा!”

“आत्ता कशाला त्यो इषय? देवाचं चाललंय.”

“मामी, पाखऱ्याला काय घातलंत?”

मामी फणकारल्या, पण आवाज खालीच ठेवून. “डाळ्याचं पीठ घातलं, गुळात कालवून. देवाच्या घोड्याला खेकडं चारू व्हय मी? मला काय नरकात जायाचंय?”

मी हौसाकडं बघितलं. ती म्हणाली, “मी आईबिगार कुनाला सांगितलं न्हाई. देवाशप्पत.”

“आणि डबा?”

“टाकाय जिवावर आलं,” मामी म्हणाल्या. “एवढा पुन्याचा जिन्नस. ह्यास्नी खेकडं चालत्यात, मंग ह्यास्नीच दिलं दुधातनं. पर माप तुमी सांगितलंसा त्येवढं न्हाई. म्हटलं, माणूस हाय, घोड्याच्या मानानं थोडंच.”

ते मी पुरतं ऐकलंच नाही. कारण माझ्या मागं पाखऱ्याच्या टापा दगडावर वाजल्या होत्या.

घोडा मागून येतो तेव्हा आधी वास येतो, मग ऊब, मग सावली. सावली माझ्या अंगावरून पुढं उंबऱ्यापर्यंत गेली. उजवीकडं एक खूर आला, डावीकडं दुसरा. दोन्ही गुडघे माझ्या कानांच्या पातळीला, टणक गाठी आलेले, तसेच्या तसे, गेल्या वर्षीचे. डाळ्याचं पीठ खाल्लेले. हलगी थांबली. माझ्या मानेवर ऊन ऊन श्वास आला आणि मी डोळे मिटले. डोळ्यांपुढं फक्त ती काट्यावरची चिठ्ठी.

“हां पाखऱ्या, हां,” गुरव म्हणाले.

कडाड् असा आवाज झाला. माझ्या कानाशीच. डावा गुडघा वाकायला लागला. पाठीवर काहीतरी घसटून गेलं, केसाळ, ओलं. माझ्या तोंडातून आवाज निघाला तो माझाच होता की आरतीच्या ताटाचा, सांगता येत नाही. आणि घोडा एकदम फुरफुरला, गुडघा परत ताठ केला, आणि दोन पावलं मागं सरला.

“पुन्यांदा,” कुणीतरी ओरडलं.

पाखऱ्या पुन्हा आला. पुन्हा कडाड्. या खेपेला तो थरथरला, त्याचं थरथरणं मला दगडातून कळलं. परत ताठ झाला आणि मान झटकून मागं गेला. त्यालाही गेलं वर्ष आठवत असेल का, कुणास ठाऊक. जनावर होतं, पण माझ्यापेक्षा शहाणं होतं, त्याला उठायची बंदी नव्हती.

गर्दीत चुळबूळ सुरू झाली. “उघडं पडतंय की गाव!” “लगाम वडा, बसवा की त्येला!” “चाबूक घ्या!” दोघंतिघं पुढं सरसावलेले मला कडेनं दिसले. त्यांनी ओढलं असतं तर तो नक्की आला असता, सगळाच्या सगळा, माझ्यावर. मी ताट छातीशी धरलं.

“हात लावशीला त्येला तर!” मामांचा आवाज.

सगळे थांबले.

“बयाजी,” सदोबा गुरव म्हणाले, “पाखर पडाय पायजे, बाबा. काय करायचं मंग?”

मामांनी पटका काढून हौसाच्या हातात दिला. मग सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलले.

“ऐका. ह्या बारीला पाखऱ्याचा खुराक मी खाल्लाय. दोन महिनं, न चुकता. मला ठावं न्हवतं, आत्ताच ऐकलं, घरातल्यांनी चारलाय. त्यो उपाशी ऱ्हायला आन् मी घोडा झालो. त्येच्या वाट्याचं खाल्लंय, तर त्येच्या वाट्याचं कामबी माझंच.”

मग मागून कुणा टवाळाचा आवाज आला, “मंग खिंकाळून दावा की, बयाजीबाबा!”

“खिंकाळाय लावलंस तर लाथबी बसंल,” मामा म्हणाले.

हशा पिकला. गुरवांना हसू आवरेना, पण देवाकडं बघून त्यांनी कौल लावला. उजवा पडला की डावा, हे त्यांनी कुणाला बघू दिलं नाही, चटकन झाकला आणि म्हणाले, “देव म्हनतोय चालंल.”

हलगी पुन्हा वाजायला लागली. मामा माझ्या मागं आले. सावली आली, पण लहान. उजवीकडं एक पाऊल आलं, डावीकडं एक. वहाणा काढलेली, भेगा पडलेली म्हाताऱ्याची पावलं. मग ते खाली येऊ लागले. गुडघा करकरला. आधी एक टेकला, मग दोन्ही हात माझ्या खांद्यांवर घट्ट रोवून, दात खाऊन, दुसरा. आणि मामांची छाती माझ्या पाठीला टेकली.

मी सांगतो तुम्हाला, त्या छातीत काळीज असं धडधडत होतं की मला माझं ऐकू येईना. मला वाटत होतं, भिणारा मी एकटाच. ज्या जागी वर्षापूर्वी बरगड्या मोडल्या त्याच दगडावर हा माणूस परत गुडघे टेकत होता. ते मान पुढं झुकवून देवाला काहीतरी पुटपुटले. त्यांच्या दाढीचे खुंट माझ्या मानेला टोचत होते.

“चांगभलं!” गाव ओरडलं. गुलालाचा ढग आमच्या दोघांवर आला. पाखर झाली होती.

मी ताट उंबऱ्यावर ठेवलं. वाटलं, आता मामा उठतील. ते उठेनात. खांद्यावरची बोटं आणखी रुतली.

“मामा?”

“पावनं,” मामा माझ्या कानात म्हणाले, इतकं हळू की देवालासुद्धा ऐकू गेलं नसेल. “बसलो खरा. उठता यीना झालंय. गावाला कळू देऊ नगा.”

मी हात मागं नेले, त्यांचे दोन्ही पाय धरले, देवाकडं तोंड करून एकदा मोठ्यानं चांगभलं म्हणालो आणि त्यांना तसंच पाठीवर घेऊन उभा राहिलो. गावाला वाटलं, हाही विधीच असेल. आणि पुढच्या जत्रेपासून तो झाला.